येवल्याचा माग, बाजू ब

४ नोव्हेंबर २००१, रविवार

चोराने चोरी करावी, पण निदान ती माझ्या कानाशी आणून वाजवू नये.

पुतणीच्या लग्नाची खरेदी. हर्षालीला पैठणी काकाकडून, असं साधनाने मला न विचारता कबूल करून टाकलेलं. आमच्या घरात बायकोचा शब्द म्हणजे माझा शब्द, फक्त मला तो उशिरा कळतो. तर पंचवटीत चिमाजीशेठच्या दुकानात गेलो. शिर्डी-त्र्यंबकच्या बसेस थांबतात तिथलंच. पांढऱ्या गाद्या, गुलाबपाणी, वेलचीचा चहा. मागच्या भिंतीला जांभळा पडदा. पडद्यामागून मागाचा आवाज. खट् – खटक्. खट् – खटक्.

बसमधून उतरलेल्या बायका माना वळवून बघत होत्या. सेल्समन देवळात बोलावं तसा हळू बोलतो. "आत आमचा येवल्याचा कारागीर बसलाय, ताई. पडदा नका उघडू. त्याची नजर ढळली की तार तुटते."

मी कप खाली ठेवला.

डावी पावडी किरकिरत होती. विणकर पायाने दाबतो ती फळी, तिची. मागे कुठेतरी बाई सुपात तांदूळ पाखडत होती. आणि मग कोंबडा आरवला. पंचवटीत, पक्क्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, कोंबडा! एकाही बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला त्या कोंबड्याची ओळख पटली. शेवटी त्याचा सूर फाटतो, शाळेतल्या मास्तरांसारखा.

ती माझी कॅसेट आहे. 'साधना ध्वनी', नंबर सात, 'येवल्याचा माग'. लहानूबाबा साळींच्या घरी बसून मी स्वतः भरलेली.

माझं तोंड उघडतंय हे बघून साधनाने मांडीला चिमटा काढला. "आधी साडी." तिने पदर उलटा केला. मागच्या बाजूने सगळे धागे कापलेले, दाढीच्या खुंटासारखे. हातमागाची पैठणी दोन्ही अंगांनी सारखी असते. ही पॉवरलूमची. भाव मात्र हातमागाचा.

न घेता उठलो. निघताना साधना सेल्समनला म्हणते, "कारागिराला म्हणावं, पावडीला थोडं तेल घाल. दोन घरं पलीकडे ऐकू येतंय."

तो म्हणाला, "सांगतो मावशी."

सांगतो म्हणाला! निर्लज्जपणालाही काही शिस्त असते.

५ नोव्हेंबर

सकाळी घरातून खाली रविवार कारंज्यावरच्या माझ्या दुकानात उतरलो, शटर वर केलं आणि आधी नंबर सातची मूळ टेप लावली. गिऱ्हाईक दोनदा "केरूशेठ" म्हणून हाका मारून निघून गेलं. जाऊ दे. ब्लँक कॅसेट शेजारी पण मिळते.

मी मखमलाबादच्या मळ्यातला. मेथीच्या जुड्या पंचवटीच्या बाजारात विकत मोठा झालो, मग लाऊडस्पीकर भाड्याने दिले, मग कॅसेटचं दुकान टाकलं. लाऊडस्पीकरवाल्याला एक कळतं, आवाज मोठा करणं सोपं असतं. म्हणून हे दुसरं काढलं. लासलगावचा कांद्याचा लिलाव, गंगेवरची, म्हणजे आमच्या गोदेवरची, पहाट, भाजीबाजार, आणि येवल्याचा माग. गाणं नाही, बोलणं नाही. प्रत्येक कॅसेटवर एकच ओळ छापतो: 'जसा ऐकला तसा. वरून काही नाही, आतून काढलेलं काही नाही.' नाटकवाले नेतात, आकाशवाणीतला एक साहेब नेतो, परदेशी गेलेल्यांच्या आया नेतात. धंदा म्हणावा असं काही नाही. पण माझ्या कॅसेटवर जे लिहिलंय ते आत असतं, एवढं नाव आहे. मळ्यातल्या माणसाने दुसरं काय कमवायचं.

लहानूबाबाचं घर आठवलं. चौऱ्याण्णव साल. रेकॉर्डर मागाजवळ ठेवला तर म्हातारा म्हणाला, "मागापाशी बसनार तं त्याला बी कुकू लागंल." कुसाबाईंनी, त्यांच्या बायकोने, माझ्या मशीनला हळदकुंकू लावलं, पुढे सुपारी ठेवली. ते कुंकू अजून बटणाच्या फटीत आहे. मग म्हाताऱ्याने अट घातली. "मी थांबलो म्हून हे बंद करायचं नाय. काम चालूच असतं."

त्याचा अर्थ दुसऱ्या बाजूला कळला. बाजू अ म्हणजे साडीचं अंग. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, ठोका, सरळ चाल. बाजू ब म्हणजे पदर. पदरावर मोर यायचा तर धोटा पडून राहतो. रेशमाच्या बारक्या तिल्ल्या, म्हणजे कांड्या, बोटांनी एकेक तारेतून काढायच्या. त्याला आवाजच नाही. बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. मग पुन्हा काही नाही. त्या वेळात त्यांच्या घरात कोणी बोलत नसे. शेजारीण आली, पोस्टमन आला, कुसाबाई उंबऱ्यातूनच हात करायच्या, "पदर चालू हाय." माणूस मुकाट परत. टेपवर ते पण आहे.

किती लोकांनी ती कॅसेट परत आणून आपटली. "कोरी आहे हो." एका डॉक्टरीणबाईंनी पैसे परत मागितले नाहीत, पण माझ्याकडे दयेने बघितलं.

आता मुद्द्याचं. चिमाजीच्या पडद्यामागे जे वाजत होतं त्यात थांबणं नव्हतं. एकदाही नाही. पदराच्या बाजूचाच कोंबडा, पदराच्या बाजूचेच तांदूळ, आणि ठोके मात्र एकाला एक चिकटलेले. नुसती चोरली नाही. कापली.

६ नोव्हेंबर

जेवताना साधना म्हणाली, "भाकरी चावताय की चिमाजीला?"

८ नोव्हेंबर

काल पुन्हा त्या दुकानाच्या जिन्यात उभा राहून ऐकलं. रूमाल तोंडाला, जसं काही खोकला झालाय. सेल्समनने ओळखलं, पण बोलला नाही.

कापणं फार चांगलं आहे. तेच खटकतं. कोणी गावठी माणसाने कापलं असतं तर सांधा ऐकू आला असता. प्रत्येक सांधा पाय उचलायच्या नेमका आधी आहे, किरकिर सुरू व्हायच्या आत. तिथे कान फसतो. असं कुठे कापायचं हे नाशकात मी एकाच माणसाला शिकवलंय.

संध्याकाळी ज्ञानेशला विचारलं. माझा मुलगा. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसतो, लग्नाच्या सीड्या करतो. वाटलं होतं नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"हो, मीच केली. चिमाजीशेठ म्हणाले, मधले गॅप काढून द्या. दिले काढून."

"कोणाला विचारून?"

"बाबा, एक कॅसेट होती. दुकानात विकायलाच ठेवली होती ना तुम्ही?"

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय ते कोण वाचतं? तुमच्या बाजू ब मध्ये आहे काय? सगळी मोकळी जागा. मी फक्त माल तेवढा ठेवला."

माल म्हणे. मी म्हटलं, "उद्या मेथीच्या दोन ओळींतली मोकळी जागा काढशील आणि म्हणशील पीक तेवढं ठेवलं, आता वाढव."

"मला शेती शिकवू नका, तुम्ही स्वतः पळून आलात तिथून."

साधना आतून म्हणाली, "दोघांनी आवाज कमी करा. खाली टेपवाल्याचं दुकान आहे, कोणी भरून घेईल." कोणी हसलं नाही.

मी ज्ञानेशशी बोलायचं बंद केलंय.

९ नोव्हेंबर

चिमाजीकडे गेलो. सरळ गल्ल्यावर. तो उठून उभा राहिला, हात जोडले. मला असली माणसं जास्त चीड आणतात.

"या केरूशेठ. त्या दिवशी साडी न घेताच गेलात. वहिनींना रंग पसंत पडला नाही का?"

"रंग पसंत पडला. कोंबडा पसंत पडला नाही."

हसला. पोटापासून हसला. लबाडी पकडली गेल्यावर असा हसणारा माणूस मी लिलावातसुद्धा पाहिला नाही. म्हणाला, "तुमच्या कानाचं फार ऐकलं होतं. खरंच आहे की."

"ती टेप बंद करायची."

"का म्हणून? तुमच्या दुकानात घेतली, तुमच्या पोराने करून दिली. चोरी असेल तर तुमच्या घरातली. पोलिसांत जायचंय? पोराचं नाव मी सांगू का तुम्ही सांगता?"

हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता.

"आणि खोटं काय त्यात?" तो म्हणाला. "माग लहानूचा. ठोका लहानूचा. आवाज काय तुमच्या वडलांचा आहे का? तुमच्या सात नंबरला घरोघर उंदीर कुरतडतायत. माझ्याकडे गावोगावचे लोक तो ऐकतात. उलट तुम्ही मला हार घालायला पाहिजे."

"पडद्यामागे कारागीर आहे म्हणून सांगता ना? दाखवा."

त्याचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. "कारागीर माणूस. त्याला त्रास नको."

म्हणजे आत काही नाही. एक डेक आणि धूळ. मी म्हटलं, "शेठ, एक दिवस तुमच्या गिऱ्हाइकांसमोर मी तो पडदा उघडणार आहे. सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका."

"या की," म्हणाला. "चहा घेऊन जा."

चहा चांगला होता. त्याचाही राग आला.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

घरात मी, साधना, ज्ञानेश. तिघांनी एका ताटलीतून चिवडा खाल्ला, ज्ञानेशने शेंगदाणे वेचून माझ्या बाजूला सारले. मी खाल्ले. बोललो नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार

येवल्याला जाऊन आलो. डोक्यात एकच होतं. लहानूबाबाला सोबत आणायचं, चिमाजीच्या दुकानात भर गर्दीत उभं करायचं आणि विचारायचं, हा माणूस इथे उभा आहे, मग आत ठोके कोण घालतंय? याच्यापुढे काय बोलणार तो?

निफाड, विंचूर, एसटीत कांद्याच्या वासाचे लोक. पूर्वी येवल्यात त्या गल्लीत शिरलं की प्रत्येक घराचा ठोका वेगळा यायचा, मी डोळे मिटून घर ओळखायचो. आता गल्लीच्या तोंडापासून एकच घरघर. पॉवरलूम.

लहानूबाबाच्या घरात दुसरेच लोक. मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून ते बसायचे, तो बुजवून वर फरशी केली आहे, त्यावर फ्रिज. फ्रिजची किरकिर पण डावीकडूनच येते. शेजारचा सहादू ओट्यावर बसला होता. त्याचे दोन पॉवरलूम आहेत. मला ओळखलं.

"तुमी ते मशीनीवाले ना? कुकू लावून बसलेले?"

"लहानूबाबा कुठायत?"

"ते गेले नाशकाला, पोरीकडं. सालाच्या वर झालं. डोळ्याचं लय झालं होतं त्यांचं. साखर हाय ना. आदी तार दिसंना, मग मोर दिसंना. एक दिवस पदर उलटाच इणला, कुसाबाईनी सांगितलं तवा कळलं. त्याच दिवशी उतरले मागावरून."

"पोरगी कुठे राहते?"

"पेठ रोडला कुठंतरी. नाव नाय ठावं." मग म्हणाला, "माग मी घेतला. इकत घेतला, फुकट नाय."

माग परसात होता. मोडून. पावडीच्या फळीवर कोंबड्या बसल्या होत्या. मी पायाने दाबून बघितली. खाली काही जोडलेलं नव्हतं, आवाज आला नाही.

सबंध परतीच्या वाटेवर चिमाजीला शिव्या घातल्या. त्याच्यासारख्यांनीच हातमागाचे भाव पाडले, माग मोडायला लावले, आणि मागाचा आवाज तेवढा पडद्यामागे बांधून ठेवला. गायीचं दूध पिऊन झाल्यावर तिच्या गळ्यातली घंटा ठेवून घ्यावी तसा.

साक्षीदार नाही मिळाला. नसू दे. पडदा आहेच.

२२ नोव्हेंबर

मंजुषा म्हणून मुलगी आहे, इथल्या पेपरात लिहिते. माझ्याकडून भाजीबाजाराची कॅसेट नेली होती तिने. तिला बोलावलं. सगळं सांगितलं. ज्ञानेशचं सोडून.

"काका, पुरावा?"

"रविवारी माझ्यासोबत ये. मी पडदा उघडतो, तू बघ आणि लिही. मूळ टेप पण आणतो, दोन्ही ऐकवतो."

"तुमचं नाव घालू?"

"घाल की. माझ्याकडे तेवढंच आहे."

ती गेल्यावर साधना म्हणाली, "आणि पोराचं नाव बाहेर आलं तर?"

"येऊ दे."

"असं बोललात ते पण भरून ठेवा कुठेतरी. म्हातारपणी ऐकू." आणि दिवा लावायला उठून गेली.

२५ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुकान भरलेलं. लग्नसराई, त्यात दोन बसेस. पिशवीत डेक आणि मूळ टेप. मंजुषा माझ्या मागे, गळ्यात कॅमेरा. पडद्यामागे खटक् खटक् चालू. चिमाजीने मला बघितलं, कॅमेरा बघितला, आणि त्याचा हात गादीवरच राहिला.

मी मोठ्याने म्हणालो – लाऊडस्पीकरवाल्याचा आवाज आहे, घंटेसारखा पोचतो – "शेठ, कारागिराला नमस्कार करायचाय."

बायका वळल्या. सेल्समन आडवा आला, त्याला खांद्याने बाजूला केलं. चिमाजी पहिल्यांदाच हळू बोलला. "केरूशेठ, ऐका माझं. असं नका करू." म्हटलं, आता घाबरलास. पडद्याची कड धरली आणि माझ्यापुरती बाजूला केली.

आत छोटी खोली. साड्यांची खोकी. स्टुलावर डेक. माग नाही. लोखंडी खुर्चीवर लहानूबाबा.

पांढरी टोपी, काळा चष्मा, हात मांडीवर. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मागावर बसताना काढतात तशा. आणि त्यांचे पाय चालत होते. फरशीवर. डावा, उजवा, डावा. खाली पावडी नाही, काही नाही, पण पाय दाबत होते, टेपमधल्या ठोक्याला धरून. मध्येच पाय चुकत होता. ज्ञानेशने जिथे जिथे कापलंय तिथे तिथे. म्हाताऱ्याचा पाय थांबायचा, कारण तिथे थांबायचं असतं, आणि टेप पुढे निघून गेलेली असायची. मग घाईने पाय उचलून ठोका गाठायचा. पुन्हा चुकायचा.

चाहूल लागली त्यांना. मान न वळवता म्हणाले, "शेठ, क्याशेट संपत आली. फिरवतो."

मागून मंजुषा विचारते, "काका, काय आहे आत?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. चिमाजी माझ्याकडे बघत नव्हता, खाली बघत होता. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी तीन आठवडे तोंडात घोळवला होता.

"कारागीर," मी म्हणालो.

"माग आहे?"

"लहानूबाबा साळी. येवल्याचे. मी ओळखतो त्यांना." पडदा सोडला. "काम चालू आहे. आत नको जाऊस."

मंजुषा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पेन उघडलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लहानूबाबा मागच्या जिन्याने उतरले, भिंतीला हात लावत. खाली मी उभा होतो. "केरू तिडके," म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि आधी नाडी बघावी तसा मनगटापर्यंत चाचपला.

"मशीनीवाले! कुकू हाय का अजून?"

"आहे बटणात."

पायरीवर बसलो. कुसाबाईंनी दिलेली भाकरी त्यांनी अर्धी मोडून माझ्यापुढे केली.

"इथं कसे?"

"शेठनी ठेवलं. डोळे गेल्यावर जावयाच्या घरी नुसतं बसून ऱ्हायचं व्हय? इथं बसतो, क्याशेट फिरवतो. मोठं गिऱ्हाईक आलं तं शेठ म्हनतो, बाबांचे हात बघा. मंग बाया हात बघत्यात. बोटाला तारेचे कापे हायेत ना. ते तं खोटे नायत." भाकरी चावत राहिले. "पडदा लावायला मीच सांगितलं. लोकं बघनार, मी काय करून दाखवू?"

मी विचारलं, "आवाज कोणाचा आहे ओळखलंत?"

"माझा कोंबडा मी ओळखनार नाय व्हय?" मग खालच्या आवाजात, चिमाजीला ऐकू जाऊ नये म्हणून: "पन केरूभाऊ, एक इचारू? माग माझा हाय, पावडी माझी हाय. बसलेला मानूस मी नाय. ह्यो दमच घेत नाय. सकाळधरनं नुसता हानतोय. ह्याच्या नादानं माझे पाय रातच्याला दुखत्यात. कोन हाय ह्यो?"

मी कशासाठी आलो होतो ते सांगितलं नाही. भाकरी खाल्ली.

२७ नोव्हेंबर

पेपरात आलं. 'पडद्यामागे आजही विणतो येवल्याचा कारागीर.' खाली: 'आवाजांचे जाणकार संग्राहक केरू पुंजाराम तिडके यांनी स्वतः पाहून खात्री दिली.'

जन्मात पहिल्यांदा नाव छापून आलं. आणि आलं ते यासाठी.

साधनाने दोनदा मोठ्याने वाचलं. मग घडी घालून देवामागे ठेवलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी ओळखतो, त्यात ठोका असतो.

चिमाजीकडून पेढे आले. गल्लीतल्या गायीला घातले. तिने एकच खाल्ला.

२९ नोव्हेंबर

दुकानात जाऊन चिमाजीला भेटलो. तो हार आणायच्या गोष्टी करायला लागला. म्हटलं, बसा.

"तुमच्यावर माझा राग आहे तेवढाच आहे. कमी झालेला नाही. पॉवरलूमची साडी हातमागाची म्हणून विकता, ते एक दिवस तुमच्या नरड्याशी येईल, तेव्हा मी टाळ्या वाजवायला असेन. पण त्या खोलीत जी टेप वाजेल ती मी देईन. तिला कात्री लावायची नाही. आणि लोखंडी खुर्ची काढा. हाताची, गादीची खुर्ची आणा."

"धमकी देता?"

"माल देतोय. पेपरवाल्या मुलीचा फोन नंबर माझ्याकडे आहे, एवढंच."

"तुम्ही धंद्यात पुढे का नाही गेलात केरूशेठ?" म्हणाला. खरं आश्चर्य वाटलं होतं त्याला.

परत आलो. ज्ञानेश कॉम्प्युटरपुढे होता. तीन आठवड्यांनी पहिलं वाक्य बोललो.

"नंबर सात, बाजू ब. मूळ. पूर्ण चढव."

"कोणासाठी?"

"वाजवणाऱ्यासाठी."

त्याने हेडफोन लावले. सहसा तो पुढे पळवतो. आज पळवलं नाही. मधल्या मोकळ्या जागेत त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. कुसाबाईंचा आवाज येईपर्यंत तसाच बसून होता.

लेबल छापायला घेतलं तेव्हा त्याने विचारलं, "आपली ओळ टाकू ना? जसा ऐकला तसा?"

म्हटलं, "ह्या प्रतीवर नको. ही पडद्याआड वाजायची."

२ डिसेंबर, रविवार

अकराच्या सुमाराला चिमाजीचा फोन. मागे बायकांचा गलका. "अहो केरूशेठ, आवाजच बंद पडलाय! दुकान भरलंय, गिऱ्हाईक पडद्याकडे बघतंय. काय सांगू त्यांना?"

"लहानूबाबांचे पाय?"

तो बघायला गेला. परत आला. "थांबलेत. टेकून बसलेत म्हातारबाबा, छान."

"मग सांगा त्यांना," मी म्हणालो, "पदर चालू आहे."